कांद्याचा पापुद्रा

यंदाची कांदेनवमी मी एकटीनेच केली. आषाढी एकादशीच्या आधीच्या नवमीला आमच्याकडे घरातले कांदे संपवून टाकायचे असतात. एकादशीला चातुर्मास लागला की थेट कार्तिकापर्यंत कांदा घरात येत नाही. आई होती तोवर आम्ही दोघी भजी, झुणका, थालीपिठं असा सगळा घाट घालायचो आणि दोघींना मिळून ते संपायचं नाही. या वर्षी मी थोडीशी भजी तळली आणि उरलेले कांदे खालच्या मजल्यावरच्या अन्नपूर्णाकाकूंना देऊन आले. वय झाल्यापासून काकू चातुर्मास पाळत नाहीत. ‘देवाला माझं काय ते ठाऊक आहे,’ असं म्हणतात.

आई माघात गेली. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. होऊनही मी बरीच वर्षं तिच्या आजारपणात घरीच होते. बी.एड.सुद्धा तिच्या उशाशी बसून केलं. ती गेल्यावर शहरातल्या एका मुलींच्या शाळेने मला नववी-दहावीला जीवशास्त्र शिकवायला घेतलं, पण ठरवून सांगितलं, दसऱ्यापर्यंत बघू, काम बरं वाटलं तर पक्कं करू.

पक्कं झालं नाही, तर काशीतली रामघाटावरची ही खोली सोडून उल्हासकडे नागपूरला जायचं, एवढं उघड होतं. उल्हास माझा धाकटा भाऊ. स्वभावाने चांगला आहे, त्याची बायको नीरजाही मायाळू आहे. पण माझा दिवस इथे लावलेला आहे. पहाटे गंगास्नान, संकठादेवीचं दर्शन, घरी येऊन देवपूजा, पोथीचा एक अध्याय, मग चहा. नागपुरात मी पाहुणी असते, आणि पाहुणीला दुसऱ्याच्या घरात पहाटे भांडी वाजवता येत नाहीत.

नववीचा पहिलाच मोठा प्रयोग कांद्याच्या पापुद्र्याचा निघाला. कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूला एक पातळ पडदा असतो. तो अलगद सोडवायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायच्या. सगळ्या शाळांतून हाच असतो. कांदा स्वस्त, बारा महिने मिळणारा, आणि पेशी मोठ्या, स्पष्ट दिसणाऱ्या.

आईचा शब्द साधा होता. ‘खायचा नाही तो हातात तरी कशाला घ्यायचा? याच हातांनी देव धुवायचे ना?’ शास्त्रात तसं काही लिहिलेलं नसेल कदाचित. पण मी लहानपणापासून तेच पाळत आले आहे.

म्हणून प्रयोगशाळेत मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले आणि तोंडानेच सांगत गेले. पाकळी आतल्या बाजूला वाकवा. मोडू द्या. मोडलेल्या कडेला जे पारदर्शक लोंबतंय, ते चिमट्यात धरा. ओढू नका, सोडवा.

मुलींनी पापुद्रे फाडले, चुरगळले, एकावर एक घड्या घातल्या. पहिल्या दिवशी एकीलाही धड पेशी दिसली नाही. आधीचे सर स्वतः एक पट्टी तयार करायचे आणि मुली रांगेने येऊन डोळा लावायच्या, असं मला तेव्हा कळलं.

‘मैडम को प्याज़ से रोना आता है,’ मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या.

बातमी शिक्षकांच्या खोलीतही पोचली. हिंदीच्या बाईंनी माझ्या डब्यात डोकावून विचारलं, ‘पाटणकर मैडम, प्याज़ नहीं, लहसुन नहीं, बैंगन भी नहीं? फिर बनारस में खाती क्या हैं आप?’

‘लौकी,’ डब्यातल्या दुधीच्या भाजीकडे बोट दाखवून मी म्हटलं.

त्या खूप हसल्या. वाईट मनाने नव्हे. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपल्या डब्यातलं मला विचारणं सोडलं. मधल्या सुट्टीत त्यांचे डबे टेबलाच्या त्या टोकाला फिरायचे आणि माझा डबा या टोकाला असायचा.

पुढच्या तासाला मुली जरा सुधारल्या. रुची नावाची एक मुलगी होती, शेवटच्या बाकावर बसणारी. तिला अखंड पापुद्रा निघाला. ती चिमटा घेऊन माझ्याकडे धावत आली, आणि मी मागे सरले. अंगवळणीच पडलं होतं ते. ती थांबली, तशीच वळली आणि जागेवर जाऊन बसली.

तास संपल्यावर मात्र ती मागे राहिली.

‘मैडम, एक बात पूछूँ? आप हमारी स्लाइड क्यों नहीं छूतीं?’

‘तुम्हारी नहीं, बेटा. प्याज़ नहीं छूती. चातुर्मास है.’

‘हमारे घर में तो रोज़ बनता है.’ ती माझ्याकडे बघत नव्हती. ‘मेरे हाथ से भी आता होगा.’

हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी तिला आईचं सांगितलं, नेमाचं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

‘मम्मी गुस्सा करेंगी?’

‘मम्मी नहीं रहीं.’

‘फिर भी?’

‘फिर भी.’

तिने थोडा विचार केला. ‘कब तक है ये?’

‘कार्तिक तक.’

‘तब तक तो प्याज़ वाला चैप्टर ही ख़तम हो जाएगा,’ ती म्हणाली आणि दप्तर उचलून निघाली. दारात वळून तिने विचारलं, ‘देखेंगी तो? बिना छुए?’

मी सूक्ष्मदर्शकाशी वाकले. तिने पट्टी सरकवली, चकती फिरवून नीट दिसेल असं केलं. एकमेकींना टेकून बसलेल्या पेशी, प्रत्येकीत रंग प्यालेला एकेक ठिपका. मी कॉलेजात कितीदा पाहिलं होतं हे, तरी बराच वेळ डोळा काढवेना. ‘बहुत अच्छी है,’ मी म्हटलं. पुढच्या तासाला ती पहिल्या बाकावर येऊन बसली.

भाद्रपदात मुख्याध्यापिका निवेदिता मिश्रा यांचा निरोप आला. उद्या त्या माझा तास बघायला येणार, आणि प्रयोग कांद्याचाच घ्यायचा. मुलींनी केला असेल तरी चालेल, त्यांना माझी शिकवण्याची पद्धत बघायची होती. याच तासावरून त्या माझं ठरवणार, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं.

संध्याकाळी पूजेला बसले तेव्हा मन स्थिर होईना. देवीला काय मागायचं तेच ठरत नव्हतं. नोकरी मागावी, तर नेमाचं काय? नेम राहू दे म्हणावं, तर उद्याचं काय? शेवटी काहीच न मागता उठले.

मिश्रा मॅडम आल्या आणि भिंतीशी खुर्ची घेऊन बसल्या. मी फळ्यावर आकृती काढली, सामान समजावलं. मग त्या म्हणाल्या, ‘पहले आप करके दिखाइए, मैडम.’

शिवराम, आमचे प्रयोगशाळेतले कर्मचारी, यांनी चिरलेला कांदा बशीत घालून माझ्यापुढे ठेवला. मुलींना सगळं ठाऊक होतं. रुची माझ्या हातांकडे बघत होती.

एका क्षणात झालं असतं. पाकळी उचलायची, पापुद्रा काढायचा, मग साबणाने हात धुवायचे. घरी विचारणारं कोण होतं?

तेच मनात आलं आणि हात उचलेना. विचारणारं कुणी नाही, म्हणूनच तो नेम आता माझा होता.

‘मैं चातुर्मास में प्याज़ नहीं छूती,’ मी म्हटलं. ‘मैं बोलूँगी, लड़कियाँ करेंगी.’

‘प्रैक्टिकल बोलने से होता है?’

‘इनसे होता है.’

मिश्रा मॅडमनी भुवया उंचावल्या, पण हाताने ‘चालू द्या’ अशी खूण केली.

मी सांगू लागले. पाकळी वाकवा, मोडू द्या, ओढू नका, सोडवा. चिमटे चालले. एका मुलीची झाकणकाच फुटली, दुसरीने आपली जास्तीची दिली. बुडबुडा राहिला तर काच तिरकी टेकवून सुईने हळू खाली सोडायची, हे मी सांगायच्या आधीच पहिल्या बाकावरून कुणी मागे सांगितलं. मिश्रा मॅडम उठल्या आणि एकेका सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत हिंडू लागल्या. प्रत्येक पट्टीखाली पेशी होत्या. कुठे वाकड्या, कुठे रंग जास्त झालेला, पण होत्या.

‘ये तुमने ख़ुद किया?’ त्यांनी शेवटच्या बाकावर विचारलं.

‘जी. हमारी मैडम तो हाथ ही नहीं लगातीं,’ ती मुलगी म्हणाली. तक्रार होती की कौतुक, तिलाही ठाऊक नसावं. वर्ग हसला. मिश्रा मॅडमही हसल्या.

तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. ‘व्रत-उपवास आपकी अपनी बात है. हर महीने नया व्रत मत निकालिएगा. लड़कियों को हाथ से काम आता है, ये मैंने देखा. पक्का समझिए.’ मग जाता जाता म्हणाल्या, ‘बस, आवाज़. पीछे तक नहीं पहुँचती. थोड़ा खुलकर बोला कीजिए.’

घरी येऊन हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला आणि उल्हासला फोन केला.

‘पक्की झाले रे.’

‘अरे वा. अभिनंदन, ताई.’ मग म्हणाला, ‘म्हणजे तू येत नाहीस.’

‘नाही.’

‘नीरजाने तुझ्या देवांसाठी कोनाडा रंगवून घेतला होता. पिवळा.’

‘दिवाळीला येईन.’

‘ये. चार दिवस तरी ये.’ आणि मग, ‘एकटी जेवलीस का?’

जेवले म्हणून सांगितलं. अजून कुकरही लावला नव्हता.

फोन ठेवल्यावर खोली फारच शांत वाटली. हवं होतं ते मिळालं होतं. काशी राहिली, देव राहिले, पहाट राहिली. आणि ही संध्याकाळही राहिली, आता रोजचीच. उद्या दहावीला पोषणाचा धडा होता. मिश्रा मॅडमचं बोलणं आठवून मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि समोरच्या दाराकडे बघत मोठ्याने शिकवायला लागले. हरितद्रव्य, सूर्यप्रकाश, पाणी. आवाज भिंतीला लागून परत येत होता, तो मला ओळखीचा वाटेना.

खालून अन्नपूर्णाकाकूंनी हाक मारली. ‘देवयानी, कोण आलंय गं?’

‘कुणी नाही, काकू. उद्याचा धडा म्हणतेय.’

‘मग नीट म्हण की. इथवर नुसती कुजबुज येतेय.’

मी घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.