वाफशाआधी

अकोल्याच्या साहेबांच्या पत्राला आपण अजून उत्तर दिलेले नाही, हे वामनरावांना आठवले तेव्हा त्यांचा हात कोपरापर्यंत जमिनीच्या भेगेत होता. बोटांना ढेकूळ लागले, चेंडू लागला नाही. सकाळपासूनचा हा सहावा.

“लागला का, बाबू?” क्लबाचा माळी पुंजाराम मातीची टोपली घेऊन मागे उभा होता.

“नाही.”

“तं जाऊ द्या. पाताळात पोचला असन.”

पलीकडे खेळणाऱ्या साहेबाने काठी जमिनीवर आपटली आणि सातवा चेंडू काढला.

अमरावती कॅम्पातल्या या गोल्फच्या मैदानाचे वामनराव कारकून. हरळी जळून गेलेली, गुरे केव्हाही आत शिरत, आणि आज बुजवलेली भेग आठवड्यात पुन्हा आ वासून बसे. क्लबाचे सेक्रेटरी बदलीवर अकोल्याला होते. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी तिथून विचारले होते : मैदानाची ही दशा कोणी केली? नाव कळवा, त्याला काढायचे आहे.

नाव वामनरावांना ठाऊक होते. हिरवळ ओली असतानाच रूळ फिरवावा, असे त्यांनी श्रावणात एका विलायती पुस्तकात वाचले आणि बैल जुंपायला सांगितले.

“वाफसा येऊ द्या, बाबू,” पुंजाराम तेव्हा म्हणाला होता. “जमीन जराशी सुकू द्या. वल्ली काळी माती दाबली तं दगड होते. उन्हाळ्यात फाटन.”

“पुस्तकात तसं लिहिलंय.”

“पुस्तक कोन्या गावचं हाये?”

दुपारी कचेरीत वामनराव कागदापुढे बसले. आधीचे चार मसुदे समोर होते. एकात ऊन, एकात गुरे, दोहोंत नुसती क्षमा. दारात पुंजाराम घाम पुसत उभा राहिला.

“कितीक दिवसांपासून तेच लिहून राहिले! माह्यं नाव टाका अन् मोकळे व्हा. मी माह्या गावाले, वलगावले जाऊन वांगे लावीन. तुमी काय लावसान?”

वामनरावांनी दौत पुढे ओढली. त्यांनी चारही मसुदे फाडले आणि एकच ओळ लिहिली. पत्रात एकच नाव दोनदा आले, एकदा ओळीत आणि एकदा सहीत.

टपालपेटीच्या फटीत पाकीट धरलेला त्यांचा हात थांबला. शब्द तर चुकला नाही? उघडून पाहावे का?

“सोडा आता, बाबू,” मागे आलेला पुंजाराम वैतागून म्हणाला. “ते भेग नाही, पेटी हाये.”

वामनरावांनी बोटे सोडली. आत पाकीट पडल्याचा आवाज स्पष्ट आला.