गडावरचा थोरला

“ते सगळं ठीक आहे, पण म्हाताऱ्या राणीला भरवत कोण होतं?” चित्रकार मुलीनं विचारलं.

उपसंपादकाचा हात फाशांवरच थांबला. हे त्यानं लिहिलंच नव्हतं.

मासिक होतं टेबलाभोवती बसून खेळायच्या साहसांचं. दर अंकात एक तयार मोहीम: नकाशा, खोल्या, खोल्यांतली माणसं. एकानं ती खेळवायची, तिच्यातल्या सगळ्यांच्या तोंडून बोलायचं; बाकीच्यांनी वीर होऊन आत शिरायचं आणि फासे टाकायचे. छापण्याआधी मोहीम कार्यालयात खेळून बघायची आणि ती लिहिणाऱ्यानंच खेळवायची, असा संपादकबाईंचा दंडक होता.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोहिमांतली दारं-खिडक्या तपासलेल्या या गृहस्थानं पहिल्यांदाच स्वतःची लिहिली होती. थोरल्या राजपुत्रानं आजारी आईला भुलवून गड बळकावला; धाकटा न्याय मागतोय; वीरांनी थोरल्याला हाकलायचं. गडाचा नकाशा म्हणजे हुबेहूब त्याच्या आईचं घर. ते तिनं जाताना दादाच्या नावावर केलं, तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. पण दादाच्या मुलाकडे हे मासिक पोस्टानं जायचं. घरोघरी दादाची धिंड निघावी आणि ती दादानं आपल्या डोळ्यांनी बघावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. लोकांना हसू येईल, पण त्याला त्याशिवाय झोप लागणार नव्हती.

“थोरल्यालाच विचारते,” मुलगी म्हणाली. “सांग रे, आईला कोण भरवायचं?”

खेळवणाऱ्याला गप्प बसता येत नाही. थोरला होऊन उत्तर द्यावंच लागतं.

“मी,” तो म्हणाला. “घास तोंडात धरून ठेवायची ती. गिळेपर्यंत शेजारी बसून राहायचो.”

“आणि धाकटा?” दुसरा वीर झालेल्या कार्यालयाच्या हिशेबनिसानं विचारलं.

“यायचा. कधीमधी. तिला कुशीवर वळवायची वेळ आली की बाहेर जाऊन उभा राहायचा. वास सहन व्हायचा नाही त्याला.”

आपण दादासारखंच थांबत थांबत, खाली बघून बोलतोय, हे त्याच्या जरा उशिराच लक्षात आलं.

“म्हणजे हा धाकटा आयत्या बिळावर नागोबा!” हिशेबनीस खदखदून हसला. “माझा वीर थोरल्याच्या बाजूनं. चला, धाकट्यालाच हाकला गडावरून.”

आणि त्यांनी हाकललाही.

संपादकबाई भलत्याच खूश. “थोरला काय उतरलाय हो! हे बोलणं जसंच्या तसं घाला. मोहीम गाजणार.”

“घालतो,” तो म्हणाला.

पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. छापायला जाण्याआधीचा शेवटचा हात त्याचाच असायचा. त्यानं थोरल्याच्या नावापुढे फक्त एवढंच घातलं: ‘हा कुणाशीही बोलत नाही. दिसताक्षणी वार करतो.’ बाईंनी विचारलंच, तर पानावर जागा नव्हती म्हणून सांगता आलं असतं. लाज वाटली नाही असं नाही. तरी त्यानं अंक पाठवून दिला.

अंक पोचल्यावर एका रविवारी पुतण्याचा फोन आला.

“काका, मित्रांबरोबर तुमची मोहीम खेळलो आत्ता! मला एकट्याला सगळं खेळवायला जमेना, म्हणून थोरला बाबांना दिला.”

“मग?”

“नकाशा बघूनच म्हणाले, आईची खोली बरोबर काढलीय. नंतर सगळे अंगावर धावून आले तरी हे गप्पच. मी म्हटलं, बाबा, काहीतरी बोला, नाहीतर मरताय तुम्ही. तर म्हणे, काकानं लिहिलंय ना बोलत नाही म्हणून? मग नाही बोलायचं. वारसुद्धा केला नाही हो. दुसऱ्याच फेरीत मेले.”

“आणि... आता कुठायत?”

“फासे गोळा करून दिले आणि आजीच्या खोलीत गेले. दार लावून घेतलंय. बोलावू का?”

“नको,” तो म्हणाला. “राहू दे.”