नलिनीकाकूंचा आंबेमोहोर

शेतीचे आणि पर्यावरणाचे शब्द सामान्य वाचकाला सोपे करून सांगणारं एक पुस्तक मी लिहितेय. त्यासाठी पुण्यातली कटकट सोडून मुळशीतल्या कोळवणला विश्रामकाकांकडे खोली घेऊन राहिलेय. संपादक काहीही म्हणोत, माझे खरे परीक्षक काकाच. संध्याकाळी ओट्यावर मी शब्द वाचायचा आणि त्यांनी त्याची खोड काढायची. 'मृदा' म्हटलं तर विचारणार, मातीला काय झालं? मी चिडायचे आणि मग गुपचूप 'माती' लिहून टाकायचे.

त्यांची बायको, नलिनीकाकू, गेल्या दिवाळीनंतर गेल्या. मी आले तेव्हा त्या नव्हत्या, पण घर अजून त्यांच्याच रीतीनं चाललं होतं. स्वयंपाकघरात वाशाला एक कापडी गाठोडं टांगलेलं होतं. त्यात त्यांनी माहेराहून आणलेल्या आंबेमोहोराचं बियाणं होतं. सगळं खोरं इंद्रायणी लावायला लागलं तरी काकू दरवर्षी एका खाचरात हाच भात लावायच्या, नवं बी काढायच्या आणि गाठोडं पुन्हा चुलीवर टांगायच्या. घरातला तांदूळ संपला तरी बियाणाला कुणी हात लावायचा नाही, हा त्यांचा दंडक होता. आजारपणात मात्र गेल्या वर्षी लावणी राहून गेली. यंदा ते खाचर लावायचंच, असं काकांच्या मनानं घेतलं होतं. रोपं टाकायच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरून त्यांनी राबही भाजून ठेवला होता.

एका संध्याकाळी मी 'सुप्तावस्था' हा शब्द वाचून दाखवला. बी जिवंत असतं, पण पाणी आणि ऊब मिळूनही काही काळ उगवत नाही, झोपलेलं असतं. काकांनी पहिल्यांदाच खोड काढली नाही. चांगला शब्द आहे म्हणाले. मग आत जाऊन गाठोडं घेऊन आले आणि पेरायच्या आधी मूठभर बघून दे म्हणाले.

मी एक दाणा दाताखाली धरला. वाळलेला दाणा कट्ट करून तुटतो. हा मऊ दबला. वर पाहिलं तर वासा तोच, खिळा तोच, पण खाली चूल कुठे होती? काकू अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांना धूर नको म्हणून मुलानं, जयसिंगनं, चूल काढून गॅसचा ओटा बांधला होता. गाठोडं मात्र रीतीप्रमाणे तिथंच टांगलेलं राहिलं. बी कोरडं राहायचं ते चुलीच्या धुरानं. मुळशीच्या पावसाळ्यात धुराविना ते दमट हवा पीत राहिलं होतं. सगळ्यांनी मायेनंच केलं होतं, त्यामुळे चिडायचं तरी कुणावर, तेच कळेना.

तरी मी दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. तुलनेसाठी शेजारी इंद्रायणीचे ठेवले. काका रोज चहाच्या आधी गोणपाट उलगडून बघायचे. अजून झोपलंय, असं माझ्याच शब्दानं मला समजवायचे. इंद्रायणीला पांढरे मोड आले. काकूंच्या दाण्यांवर बुरशी चढली. भाताचं बी इतकी लांब झोप घेत नाही, हे मला ठाऊक होतं. पण जीभ रेटत नव्हती.

शेवटी त्यांनीच विचारलं.

"गौतमी, तुज्या पुस्तकात ह्याला काय म्हंत्यात?"

"उगवणक्षमता संपली, असं म्हणतात."

"म्हंजी?"

"मेलंय, काका."

काका गोणपाटाची घडी घालत राहिले, ती मोडली, पुन्हा घातली.

"चूल काढू नगा, माजं बियानं हाय तितं, म्हनत हुती ती," ते म्हणाले. "आमाला वाटलं, तापात बडबडतीया."

एवढे शब्द गोळा केले होते, त्यातला एकही कामाचा नव्हता.

राबात मग इंद्रायणीच पडली. गाठोड्यातलं उरलेलं बी काकांनी उन्हात वाळवलं आणि गिरणीतून टरफलं काढून आणलं. वर्षानुवर्षं ज्याला कुणी हात लावला नव्हता, ते शिजवायचं ठरलं. अंगणात तीन दगड मांडून त्यांनी स्वतः पातेलं चढवलं. शिजताना हलकासा वास सुटला, आंब्याच्या मोहोराचा. पहिलं पान काकूंच्या फोटोपुढे ठेवलं, मग आम्ही जेवायला बसलो.

"वास हाय अजून," काका म्हणाले, आणि घास हातात तसाच धरून रडायला लागले.