दौंडातल्या समुद्राचा पंप

पंप म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं विहीर येणार, काळा पाइप येणार, उसात धो धो पडणारं पाणी येणार. तसला नाही मी. माझी धार म्हणाल तर करंगळीएवढी. डब्यासारखं अंग, आत एक गोल फिरणारं चाक, चाकाला दोन रूळ. मऊ नळी माझ्या पोटात वाटोळी बसवायची. गाईची धार काढताना बोटं कशी वरून खाली दाबत येतात, तसे माझे रूळ त्या नळीला दाबत फिरतात, आणि आतलं पाणी पुढं सरकतं. जे काही असतं ते नळीतच असतं. मला ते लागत नाही.

लागत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं त्यावरून बोलणं झालं.

माझा जन्म परमुलखातला. गावाचं नाव पाठीवर लिहिलंय म्हणतात, मला कुठं वाचता येतंय. एका मोठ्या यंत्राच्या छातीवर मला बसवलं आणि ते यंत्र दौंडच्या एका दवाखान्यात आलं. ज्यांच्या किडन्या बसल्या त्यांचं रक्त बाहेर घ्यायचं, धुवायचं, परत अंगात सोडायचं. धुवायचं काम दुसऱ्याचं. फिरवायचं काम माझं.

माणसं यायची, हात पुढं करून आडवी व्हायची. कुणी मोबाइल बघायचं, कुणी सुनेची गाऱ्हाणी सांगायचं. पण बोलता बोलता सगळ्यांची नजर माझ्याकडं वळायची. चुलीवर दूध ठेवून बाई दारात गप्पा मारते ना, तशी.

भारत तिथंच, खाटेवर भेटला. कुरकुंभच्या केमिकल कंपनीत ऑपरेटर होता, पाळीपाळीनं जायचा. माणूस तसा अबोल. पण घरच्या टाकीचा विषय निघाला की त्याला थांबवावं लागायचं. दौंडात, समुद्रापासून इतक्या लांब, त्यानं पाण्यात मीठ कालवून काचेच्या टाकीत समुद्र केला होता आणि त्यात पोवळी वाढवली होती. मासे नाहीत, नुसती पोवळी.

"पोवळं जित्तं असतं," तो शेजारच्या खाटेवरच्या आप्पांना सांगायचा. "झाडावानी फांद्या फुटत्यात त्याला. तुम्ही माळंत बघता ते त्याचं हाडूक."

"म्हंजी माझ्या म्हातारीच्या गळ्यात मढं हाय म्हणा की," आप्पा म्हणाले, आणि सगळी खोली हसली.

हाडं बांधायला पोवळ्यांना चुना लागतो. त्यासाठी भारतनं टाकीशेजारी एक उभी नळकांडी ठेवली होती. तिच्यात मेलेल्या पोवळ्यांचा चुरा. सोडावॉटरच्या बाटलीत असतो तो गॅस तिच्यात सोडला की पाणी जरासं आंबट होतं, चुरा विरघळतो, आणि ते पाणी थेंब थेंब टाकीत जातं. मेलेल्यांवर जिती पोसायची. नळकांडीला पाणी मात्र हळू आणि एकसारखं मिळालं पाहिजे. जोरात गेलं तर चुरा विरघळायच्या आत निघून जातं, अडलं तर सगळंच अडलं.

"ह्यांनाबी कॅल्शियमच्या गोळ्या, त्यांनाबी कॅल्शियम," त्याची बायको सुवर्णा म्हणायची. "मीच तेवढी भाकरीवर."

ती कायम त्याच्या उशाला स्टुलावर बसायची. तो झोपला की माझ्याकडं बघत राहायची.

मग माझं यंत्र जुनं झालं. बाद केलं. संपत टेक्निशियन व्हरांड्यात ते खोलत होता. डॉक्टरांना विचारून, कामाचं तेवढं बाजूला काढत होता. तेवढ्यात सुवर्णा आली. एकटी.

"ताई, भारतभाऊ कुठंयत? मागच्या खेपेला पण आले नाहीत."

ती बाकावर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"यायचं न्हाई म्हणत्यात. भितीकडं तोंड करून पडल्यात."

"असं करून कसं चालेल? पाणी चढेल अंगात. छातीत जाईल."

"मला का कळत न्हाई?" ती म्हणाली. "मागं एकदा असंच केलं हुतं. तवा मी लय रडले. तवा म्हणाले, टाकीत एक जरी पोवळं जित्तं हाय तवर जाईन. त्याच्या फुडं मला कुणी बोलायचं न्हाई. आन् आता लाइट कमीजास्त झाली न् त्या नळकांडीचा पंप जळाला. पोवळी पांढरी पडाय लागली. हे बघतबी न्हाईत तिकडं. म्हणत्यात, चाललीत तर जाऊ दे."

"मग दुसरा पंप बसवा की."

"बसवला. निमोण्याचे मामा आले हुते, ते कूलरचा घेऊन आले. त्याचा जोर लय. तोटी आवळून बारीक केला, तर तोटीत मीठ न् चुना धरून दुपारच्याला बंद. मामा म्हणाले, लहान पंप हाय म्हणून तुंबतोय, मोठा आणू, दाबानं घाण फेकंल. टेम्पोतनं अर्ध्या एचपीची मोटर आणली. पाइप उडाला न् पार भितीवरच्या देवापातुर पाणी."

संपतला हसू आलं. त्यानं जीभ चावली.

सुवर्णा हसली नाही. तिचं लक्ष माझ्यावर गेलं होतं. मी फरशीवर उताणा पडलो होतो.

"ह्याचा वेग कमी हुतो का रं?"

"होतो की."

"आन् ह्याच्यात तोटी न्हाईच. तुंबायला जागाच न्हाई." ती उठून जवळ आली. "इतकं दिस ह्यांच्या उशाला बसून हेच तर बघत आले मी. रगत कवा अडलं न्हाई ह्याच्यात."

अशी माझी निवड झाली. मला आजवर कुणी निवडलं नव्हतं, यंत्रात होतो म्हणून होतो. संपतनं मला वेगळी मोटर जोडली, पंख्याच्या रेग्युलेटरसारखं गोल बटण लावलं, नवी नळी घातली. सुवर्णानं मला पदराखाली धरून रिक्षातनं घरी नेलं.

घरात जालिंदरमामा होते. भारतचे मामा. निमोण्याला भाजीपाला आणि झेंडू करतात. भाच्यासाठी येताना दर खेपेला काहीतरी घेऊन यायचे आणि मग त्याला ते चालत नाही म्हणून परत न्यायचे. मला बघून ते दोन पावलं मागं सरले.

"सुवर्णा, रगताचं यंत्र घरात आणलंस? देव हायेत हितं."

"मामा, ह्याला रगत लागत न्हाई. नळीतनं जातं. ती नळी गेली, ही नवी."

"लागत न्हाई म्हंतीस. पन किती जणांचं गेलं आसंल ह्याच्यातनं. त्यातलं जगलं किती?"

मी फिरवायचं काम केलं. कोण परत आलं नाही ते मला खाट रिकामी दिसली की कळायचं.

"ह्यांचंबी गेलंय ह्याच्यातनं," सुवर्णा म्हणाली. "हे हायेत अजून."

मामा स्वतःच पुढं होऊन माझी तारेची जोडणी धरून बसले.

मी सुरू झालो. पाणी माझ्या नळीतनं नळकांडीत जायला लागलं, तिथनं टाकीत. टाकी मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. फांद्याफांद्यांची मोठी पोवळी होती, बोटांच्या टोकांना हळद लागावी तशी पूर्वी असतील. आता पांढरी, आणि पांढऱ्यावर हिरवं शेवाळ.

खाटेवरून आवाज आला.

"बंद कर ते."

भारतचं तोंड भिंतीकडंच होतं. चेहरा सुजलेला, श्वास वरच्यावर.

"तिथं चार तास तेच ऐकायचं. आता घरातबी? बंद कर म्हंतो ना."

"करते. उठून एकदा टाकीत बघा, मग करते."

तो उठला नाही. तिनं मला बंद केलं नाही. गोधडी आणली आणि मला गुंडाळून टाकलं, आवाज जाऊ नये म्हणून. आणि लवकर वाचावीत म्हणून बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.

मी सांगू कुणाला? आत मोटर तापायला लागली. पाणी नळकांडीतनं पळत होतं, चुरा विरघळत नव्हता. मी जितका जोरात धावत होतो तितकं टाकीत काहीच जात नव्हतं. गोधडीच्या फटीतून दिसायचं, सुवर्णा काचेला कपाळ लावून बसायची. काही मागत होती बहुतेक. मामा सारखं विचारायचे, "फरक हाय का गं?" ती मान हलवायची. व्हय का न्हाई, ते मलासुद्धा कळायचं नाही. असाच एक दिवस गेला, दुसरा निम्मा गेला.

मग खाट करकरली.

"किती वर ठिवलाय?" भारत म्हणाला.

"पूर्ण."

"पूर्ण? आगं, माणूस मरंल."

भिंत धरत धरत तो आला. गोधडी काढून फेकली. माझ्या अंगावर हात ठेवला, चटका बसला तरी उचलला नाही.

"पडल्या पडल्या ऐकतोय मी. ह्या वेगानं पायात गोळे येत्यात, डोळ्याफुडं अंधारी येते. हळू घ्यायचं असतंय." त्यानं बटण मागं घेतलं. अजून मागं. कान माझ्याजवळ आणून ऐकलं. "आता बघ. असं."

मी सावकाश फिरायला लागलो. नळकांडीतनं थेंब थेंब पडायला लागला.

मग तो टाकीपुढं वाकला. मोठी सगळी गेली होती, ते त्याला दिसलं. शेवटी मागच्या कोपऱ्यात, दगडाच्या आडोशाला, त्यानं बोट दाखवलं. अंगठ्याएवढं एक पोवळं. तपकिरी. त्याची बारीक बारीक तोंडं उघडी होती.

"हे हाय," तो म्हणाला.

सुवर्णानं श्वास सोडला. "मग जायचं?"

तो तिथंच खाली बसला. मामांनी त्याला चप्पल घातली.

त्या दिवशी दवाखान्यातून त्याला घरी सोडलं नाही, चार दिवस ठेवून घेतलं. तो परतला तो पार वाळून. आता त्याला वाकता येत नाही, वाकलं की श्वास कोंडतो. म्हणून तो खाटेवरून विचारायचा, "हाय का?" सुवर्णा वाकून कोपऱ्यात बघायची आणि सांगायची, "हाय." मग तो हात पुढं करायचा, ती त्याला रिक्षापर्यंत न्यायची.

मी हळूच, एकसारखा फिरत होतो. जेवढं करता येईल तेवढं केलं. पण मला निवडायला उशीर झाला होता.

गेल्या आठवड्यात त्यानं विचारलं, "हाय का?" सुवर्णा वाकली. ते अंगठ्याएवढं पोवळं रातोरात पांढरं झालं होतं. एकही तोंड नव्हतं. तिनं एका हातानं टाकीची कड धरली.

"हाय," ती म्हणाली.

जरा उशिरानं म्हणाली. एवढाच उशीर, माझ्या एका फेऱ्याएवढा.

भारतनं हात पुढं केला. रिक्षात बसला. जाऊन आला.

त्या दिवसापासून तो टाकीचं विचारतच नाही. दवाखान्यातून आला की दारात, चप्पल काढता काढता एवढंच विचारतो, "पंप चालू हाय ना?"

"चालू हाय," ती म्हणते.

तिला वाटतं त्याला ठाऊक नाही. मला वाटतं त्याला ठाऊक आहे. आयुष्य पीएच आणि प्रेशर बघण्यात गेलेला माणूस तो. पण दोघं बोलत नाहीत, आणि मला बोलता येत नाही. मी मेलेल्या चुऱ्याचं पाणी मेलेल्या पोवळ्यांना घालत फिरतोय. माझे रूळ आता झिजलेत, नळीला दाबाच्या जागी पांढरी रेघ उठलीय. असले पंप आता होत नाहीत, संपत सांगून गेला.

तुम्ही कधी त्या घरी गेलात, तर बसा, चहा घ्या, भारतशी कंपनीच्या गोष्टी करा. त्या कोपऱ्यात वाकून बघू नका. आणि माझा आवाज त्रासाचा वाटला, तरी बटणाला हात लावू नका.