गव्यापुढे भेकवाला

प्राणिसंग्रहालयातला म्हातारा गवा सांभाळायला थोरल्या साडूकडे आणि काचघरातले उष्ण देशातले भेक, म्हणजे विषारी बेडूक, धाकट्याकडे. बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे जेवणं आणि भांडणं एकत्रच.

थोरल्याला हर्नियाने पार वाकवलं होतं. ऑपरेशनची तारीख त्याने दोनदा पुढे ढकलली. कारण एकच: गवा दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही. "आतडं अडकलं तर धावायलाही सवड मिळायची नाही," डॉक्टर बजावून थकले होते. आता उद्याची तारीख होती.

"तुमचा राजा फार नखरेल," धाकटा म्हणाला. "माझ्या भेकांना वाढपी कोण, याच्याशी कर्तव्य नाही. किडा दिसला, गिळला, मिटले डोळे."

"देवाची करणी बघ," थोरला पोट धरत म्हणाला. "याला डोंगराएवढं अंग दिलं आणि काळीज सशाचं. तुझ्या भेकाला मूठभर अंग, पण घोर म्हणून कशाचा नाही. त्याला जो चावेल त्याच्याच तोंडाला फेस."

"आमच्या सासूबाईंसारखा."

"हसवू नकोस रे, दुखतं."

गवा माणूस वासाने ओळखतो. म्हणून थोरल्याने आपला न धुतलेला कामाचा सदरा कालच धाकट्याला दिला होता. पण तो धाकट्याच्या बायकोच्या हाती लागला. भावोजी दवाखान्यात जायचे आणि कपडे असले? तिने मायेने तो भिजवला, घासला, वर कडक इस्त्री केली.

धाकटा तो घालून पिंजऱ्याच्या गजांशी गेला. गव्याने साबणाचा वास घेतला, फुस्स केलं आणि थेट मागच्या भिंतीला जाऊन टेकला.

"संपलं," थोरला भिंतीला धरून खाली बसला. "कळवतो डॉक्टरांना."

"थांबा हो भाऊ." धाकट्याने सदरा काढून लांब ठेवला, गवताची पेंढी गजांतून आत सरकवून तिचं टोक धरलं आणि मांडी घालून बसला. ना हाक, ना चुचकारणं. काचघरात नवा भेक आला की धाकटा काचेपुढे असाच बसायचा, हातपाय मेल्यासारखे. डोळ्यावर माशी बसली तरी हलला नाही. उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकत गेली. थोरल्याला बसल्या जागी डुलकी लागली.

जाग आली ती चावण्याच्या आवाजाने. गवा पेंढी ओढत होता. दुसरं टोक अजून धाकट्याच्या मुठीत.

"खाल्लं की हो!" धाकटा कुजबुजला. "आता निर्धास्त जा."

थोरल्याला आनंद व्हायला हवा होता.

"निर्धास्त कसला," तो म्हणाला. "इतके दिवस याचं नाव सांगून ऑपरेशनातून सुटत होतो. आता घाबरायला मोकळा झालो."

धाकट्याने त्याला काखेत हात घालून उठवलं. "घाबरा की. मी येतोच सकाळी सोबत."

"आणि याची वैरण?"

"आधी याला घालतो, मग तुम्हाला पोचवतो. तुम्ही त्याच्याइतके नखरे करू नका म्हणजे झालं."