हिरवा ठिपका आणि तेलाचा अंगठा

तेलाचा डाग लांबट होता, अंगठ्याच्या आकाराचा. लॅपटॉपच्या झाकणावर, कडांना, कळांवर कुठेही तेल लागलं नव्हतं. ते होतं फक्त चालू करायच्या बटणावर, आणि इतकं नीट उमटलेलं की कातडीच्या रेघा दिसाव्यात. डेडेने तो डाग भिंगाखाली पाहिला, कापसाने पुसला. कापसाला अत्तराचा वास आला. यंत्रांतली भुतं काढणाऱ्या प्रॉफेट ग्लोरीच्या मांडवातून दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक यंत्राला हाच वास असायचा आणि तेल नेमकं याच जागी. भूत हाकलायचं तर ते दरवेळी बटणातूनच का हाकलावं लागतं, हे डेडेला पहिल्याच यंत्रावर कळलं होतं.

पण ती कोणाला काही बोलली नव्हती.

घानातल्या अक्रा शहरात, डेडेच्या गल्लीत, परदेशातून खोक्यांनी आलेले जुने कॉम्प्युटर विकले जात. डेडे विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेली. वडील गेल्यावर दुकान तिच्या आणि थोरल्या भावाच्या, लान्तेच्या, गळ्यात पडलं. खरेदी-विक्री लान्तेकडे, तपासणी डेडेकडे. आलेलं यंत्र ती चालवून बघायची, फुगलेली बॅटरी काढून टाकायची, आणि आधीच्या मालकाचे फोटो, पत्रं, दवाखान्याचे कागद, जे काही आत राहिलं असेल ते न वाचता मुळापासून पुसायची. मग यंत्राच्या पोटाला एक हिरवा ठिपका चिकटवायची. हिरवा ठिपका बघा आणि डोळे मिटून घ्या, असं गल्लीत म्हणत.

या शहरात परदेशी जुन्या कपड्यांना ‘ओब्रोनी वावू’ म्हणतात, म्हणजे ‘गोरा मेला’. इतका चांगला सदरा जिवंत माणूस कशाला टाकेल, गोरा मेलाच असणार, असा तो जुना विनोद. आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांनी तो शब्द हसत वापरला. प्रॉफेट ग्लोरीने त्यातला विनोद काढून टाकला आणि मढं तेवढं ठेवलं.

“गोरा मेला, पण गेला कुठे?” तो मांडवात माईकवर विचारायचा. “कपड्यात घामाचा वास राहतो. मग ज्या यंत्रात माणूस रात्रंदिवस डोळे घालून बसला, त्यात काय राहील? यंत्र तुम्ही घासाघीस करून आणलंत. आतलं मढं फुकट मिळालं.”

शुक्रवारी दुपारी पत्र्याचा मांडव खचाखच भरे. लोक बंद पडलेले लॅपटॉप तान्ह्या मुलासारखे कडेवर घेऊन रांगेत उभे राहत. ग्लोरी पांढऱ्या सुटात यायचा, यंत्राची तार काढायला लावायचा आणि म्हणायचा, नाळ तुटली. बॅटरी काढायला लावायचा आणि म्हणायचा, पोट रिकामं झालं. मग तेलात बुडवलेला अंगठा यंत्राच्या ‘कपाळावर’ दाबून, डोळे मिटून लांबलचक प्रार्थना. बॅटरी परत बसवून बटण दाबलं की पडदा उजळे आणि मांडव दणाणून जाई. जे यंत्र उठत नसे, त्याच्या मालकाच्या घरात पाप असे. ते धुण्याचे दर वेगळे होते.

अंगठ्यावर पोट भरणारा आणखी एक भोंदू, असं म्हणून डेडेने मान फिरवली होती. मग एके सकाळी मासे विकणारी आंटी कोशी दुकानाच्या पायरीवर टोपली टेकवून बसली आणि मावुसी शिंपिणीची हकिगत सांगू लागली. मावुसीने मुलीच्या, एयरामच्या, अभ्यासासाठी लॅपटॉप घेतला होता. ज्या आठवड्यात यंत्र बंद पडलं, त्याच आठवड्यात पोरीला थंडी वाजून ताप भरला. ग्लोरीने यंत्रावर हात ठेवला आणि म्हणाला, आत इन्ग्रिड नावाची बाई आहे, वीस वर्षांपूर्वी समुद्रात बुडालेली. यंत्र उठल्यावर त्याने स्वतः आतला कुठला तरी कप्पा उघडला, तर खरंच त्यात इन्ग्रिडचं नाव, तिचे फोटो. अर्धी इन्ग्रिड यंत्रातून निघाली, म्हणे, अर्धी पोरीत शिरली. आता एयराम मांडवातच उपाशी पडून आहे. औषधही बंद.

“यंत्र तुमच्याच दुकानातलं हो, सिस्टर,” आंटी कोशी म्हणाली. “पोटाला हिरवा ठिपका आहे. मी डोळ्यांनी बघितला.”

डेडेने पेचकस खाली ठेवला. तिने पुसलेल्या यंत्रात इन्ग्रिड राहिलीच नसती.

डेडेने जाब विचारला तेव्हा लान्तेने फार आढेवेढे घेतले नाहीत. पुसायला वेळ जातो, गिऱ्हाईक थांबत नाही. म्हणून तो वरवर नव्या मालकाचं नाव घालून, खालचं सगळं तसंच ठेवून, ठिपका चिकटवून देत होता. जुन्या मालकाचं नाव तेवढं लक्षात ठेवायचा. यंत्र बंद पडून परत आलं की गिऱ्हाइकाला सांगायचा, हे कारागिराचं काम नाही, प्रॉफेटकडे न्या. आणि नाव आधी फोनवरून पोचतं करायचा. बदल्यात वाटा मिळत होता.

“मी फक्त नाव सांगतो,” तो म्हणाला. “नाव सांगणं गुन्हा आहे का?”

डेडेला शिसारी आली. कोणा परक्या बाईचे नातवंडांबरोबरचे फोटो पत्र्याखाली शेकडो लोकांनी बघितले होते, आणि डेडेच्या ठिपक्याच्या भरवशावर घेतलेल्या यंत्रापायी एक पोर तापात उपाशी होती. लान्तेच्या घाईच्या धंद्यावरून एक वाक्य ती वर्षभर तोंडात घोळवत होती. वडिलांनी दुकानाच्या पाटीवर दोघांची नावं रंगवून घेतली होती, त्या पाटीकडे बघून ते दरवेळी गिळत होती. त्या सकाळीही तिने ते गिळलंच.

शुक्रवारी ती मांडवात गेली. एयराम कडेला चटईवर होती, ओठ सुकलेले. मावुसी तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. डेडेने वाकून सांगितलं की हा मलेरिया असेल, रक्त तपासायला हवं. मावुसीने वर पाहिलं नाही.

“उपास मोडला तर ती पुरती आत शिरेल, असं ते म्हणालेत,” ती पुटपुटली.

आंटी कोशी रांगेत होती, मुलाचा बंद लॅपटॉप घेऊन. तो मावुसीच्या यंत्राच्याच खोक्यातला, त्याच जातीचा. डेडे तिला घेऊन सरळ पुढे गेली.

“प्रॉफेट, आज हे यंत्र आंटीला उठवू दे,” ती म्हणाली.

ग्लोरी हसला. “मासेवाली भूत काढणार? काढू दे. खवले काढायची सवय आहेच.”

लोक हसले. डेडेने तार नाही हे दाखवलं, बॅटरी काढली आणि आंटी कोशीचा अंगठा बटणावर ठेवला. दाबून धर, सोडू नकोस, आणि तोंडाने काहीही म्हण, असं तिने सांगितलं. आंटी कोशीला प्रार्थना सुचेना. तिने डोळे मिटले आणि रोजची आरोळी द्यायला सुरुवात केली, खारवलेली मासळी, भाजलेली मासळी, सुकी कोळंबी, उधारी बंद. मागून कोणीतरी मोठ्याने ‘आमेन’ म्हणालं. आरोळी दोनदा झाल्यावर डेडेने बॅटरी बसवली आणि तिला बटण दाबायला सांगितलं.

पडदा उजळला. या वेळी मांडव दणाणला नाही.

“या जातीच्या यंत्रात थोडी वीज अडकून बसते,” डेडे सावकाश बोलली, शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल अशी. “मग ते चालू व्हायला नकार देतं. बॅटरी काढून बटण दाबून धरलं की ती वीज ओसरते. प्रार्थना लांब लागते ती एवढ्याचसाठी. कोणाचं यंत्र खरंच जळलं असेल तर ते माझ्याकडूनही उठणार नाही आणि यांच्याकडूनही. त्यात तुमच्या घरातलं पाप शोधू नका.”

ग्लोरीने माईक तोंडाशी धरला. आवाज गोड होता, डोळे नव्हते. “ठीक आहे, बाई. अंगठा कोणाचाही असेल. पण इन्ग्रिडचं नाव? यंत्र मेलेलं होतं. मावुसीला माहीत नव्हतं, पोरीला नव्हतं. वीस वर्षांपूर्वी समुद्रात बुडालेली बाई, तिचं नाव मला कोणी सांगितलं?”

“मावुसीचं यंत्र सहा वर्षांपूर्वी बनलं,” डेडे म्हणाली. “बुडालेल्या बाईने ते विकत कसं घेतलं?”

कोणीतरी फिदीफिदी हसलं. पण मावुसी हसली नाही. ती एकटक डेडेकडे बघत होती.

“नाव कोणी सांगितलं, सिस्टर?” तिने विचारलं. “तेवढं सांग.”

मांडवाच्या खांबाला टेकून लान्ते उभा होता. त्याने बहिणीकडे बघून अगदी थोडी मान हलवली. नको. डेडेला पाटी आठवली. मग तिने चटईकडे पाहिलं.

“माझ्या भावाने,” ती म्हणाली. “ते यंत्र आमच्या दुकानातून न पुसता गेलं. त्यावरचा ठिपका खोटा आहे. नाव लान्तेने फोनवरून कळवलं. इन्ग्रिड कोणी भूत नाही. कुठल्या तरी गावात ती नव्या कॉम्प्युटरवर पत्रं लिहीत असेल, आणि तिचे घरचे फोटो आम्ही इथे तमाशाला लावले.”

सगळ्या माना खांबाकडे वळल्या. लान्तेने जमिनीकडे बघितलं. त्याला दुसरं काही करायची गरज उरली नाही.

“माझं ऐका असंही मी म्हणत नाही,” डेडे पुढे बोलली. “पुढच्या वेळी चमत्कार दिसला की एवढंच करा, तो दुसऱ्याच्या हातात द्या. मासेवालीच्या द्या, शिंपिणीच्या द्या. तिच्याकडूनही झाला तर ती युक्ती आहे. आणि कोणी दुसऱ्याच्या हातात देऊच देत नसेल, तर का देत नाही ते विचारा.”

ग्लोरी शाप द्यायला लागला होता, पण माईक आंटी कोशीने हिसकावून घेतला होता आणि ती तो सोडत नव्हती. मावुसीने पोरीला उचलून खांद्यावर घेतलं. आधी मक्याची पेज, मग दवाखाना, असं ती स्वतःशीच म्हणत लोकांतून वाट काढत गेली. जाताना तिने आपला लॅपटॉप डेडेच्या हातात ठेवला. डेडेने नखाने त्याच्या पोटावरचा हिरवा ठिपका खरवडून काढला.

लान्ते जवळ आला. चारचौघांत भावाची लाज काढलीस, असं तो दबक्या आवाजात म्हणत होता. वडील असते तर काय म्हणाले असते. घरी चल, घरातलं घरात बोलू.

“घरात वर्षभर मी गप्प बसले, दादा,” डेडे म्हणाली. “पाटी तू ठेव. उद्यापासून मी वेगळी. ठिपके माझ्याबरोबर येतील.”