साहेबांना मधे बसवलेला त्रिकोण

मी एक त्रिकोण बोलतोय. साधासुधा नव्हे, माझ्या पोटात मीच आहे, आणि त्याच्याही पोटात पुन्हा मीच. कळलं नाही? हरकत नाही, स्वागत समितीलाही कळलं नव्हतं.

माझा जन्म वडगाव निंबाळकरचा. मला घडवणाऱ्या शाळकरी श्रेयाचे वडील बारामती एमआयडीसीत कामाला. तिथून एका मशिनाचा भलामोठा पुठ्ठा त्यांनी मोटरसायकलला आडवा बांधून आणला. श्रेयानं त्यातून त्रिकोण कापला आणि त्याच्या मधला उलटा त्रिकोण काढून टाकला. उरले तीन, त्या तिघांच्याही मधून एकेक काढला. मग नऊंच्या मधून. हात दुखेपर्यंत हेच चाललं होतं.

तिची आजी बनाबाई शेजारी गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. "आगं, चांगल्या पुठ्ठ्याला किती भोकं पाडतीस?"

"आजी, असंच करत गेलं की आतली जागा कमी कमी हुती आन् कडा वाढतच जाती."

"म्हंजी बांध वाढतो आन् रान सरतं. व्हय, आपल्या भावकीत तसंच झालंय की."

मला कुणीतरी नात्यातलं भेटल्यासारखं वाटलं.

शाळेतून तालुक्याच्या प्रदर्शनाला एकच प्रकल्प जाणार होता. गेल्या वर्षी श्रेयाचा नंबर थोडक्यात हुकला होता. यंदा जायचंच, असं तिनं मनाशी धरलं होतं.

शाळेतल्या निवडीच्या आदल्या दिवशी मला स्टेजच्या पडद्यावर टाचलं. तिथं स्वागत समितीचे प्रमुख सूरज सर आले. आपल्याकडं मोकळी जागा फार दिवस मोकळी राहत नाही. तिथं फोटो उगवतो.

"मधी एवढं रिकामं का सोडलंय? उद्या सत्काराला साहेब येणार हायत."

"सर, ते रिकामंच पाहिजे. गणितच ते हाय."

"गणित राहू दे. बघणाऱ्याला बरं दिसलं पाहिजे."

मधल्या मोठ्या भोकात साहेब बसले, हात जोडून. खालच्या दोन कोपऱ्यांत गावातल्या दोन गटांचे दोन अध्यक्ष, त्यांच्याभोवती संचालक, आणि बारक्या भोकांत कार्यकर्ते. माणसाचं वजन आणि त्रिकोणाचं माप इतकं जुळलं, की माझा शोध यांच्यासाठीच लागला असावा असं मला वाटलं. एक कार्यकर्ता रुसलाच. "माझा तिकोन त्याच्यापरास बारका का?"

वरच्या कोपऱ्यात कोणता गट बसणार, यावरून मात्र जुंपली. शेवटी तो कोपरा कुणालाच द्यायचा नाही, यावर एकमत झालं. आमच्याकडं एकमत असंच होतं.

श्रेया रडली. मलाही फार वाईट वाटलं, पण पोटात साहेब असताना हुंदका देता येत नाही.

सकाळी परीक्षक संजीवनी मॅडम बारामतीहून अगदी वेळेवर आल्या. सगळ्या कार्यक्रमात तेवढीच एक गोष्ट रीत सोडून घडली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "सत्काराचा बोर्ड छान झालाय. तुझा प्रकल्प कुठाय?"

तेवढ्यात फाटकाशी हलगी कडाडली आणि साहेबांची गाडी आली म्हणून सगळे तिकडं पळाले. श्रेयानं खुर्ची ओढली आणि ती वर चढली. वरचा कोपरा बाकीच्या त्रिकोणाला फक्त दोन टोकांवर जोडलेला असतो. तिनं दोनदा कात्री चालवली, टाचण्या उपसल्या आणि मला, म्हणजे तेवढ्या कोपऱ्याला, खाली घेतलं.

"मॅडम, हाच प्रकल्प. त्याच्यात जे हाय ते सगळं ह्याच्यात हाय, फकस्त लहान."

मॅडमनी मला उजेडाकडं धरलं. माझ्या भोकांतून त्यांच्या गालावर उजेडाचे त्रिकोण पडले. "मग बाकीचं हवंय कशाला?" असं म्हणून त्यांनी श्रेयाचं नाव लिहून घेतलं.

तर सध्या माझा मुक्काम बारामतीत, तालुका प्रदर्शनाच्या टेबलावर आहे. जरूर या, बघा. एवढीच विनंती, की खिशात फोटो असेल तर तो खिशातच राहू द्या.

बाकीचा त्रिकोण अजून शाळेच्या स्टेजवर आहे आणि त्याच्यासमोर सत्कार चालू आहेत. त्याचा वरचा कोपरा गेलाय, हे तिथं अजून कुणाच्याही लक्षात आलेलं नाही. त्यात कुणाचा फोटोच नव्हता ना.